मुलांच्या संधिवातासाठी लेझर: इंदूरच्या फिजिओथेरपी क्लिनिकांत काय मिळतं, काय तपासून घ्यावं

शेरा आधीच सांगून टाकतो: पाचपैकी दोन. दुखणं थोडं हलकं करणारी, व्यायामाला जोड म्हणून घ्यायची सेवा, एवढ्यापुरते हे दोन गुण. संधिवातावरचा इलाज म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर शून्य.

पलासिया, विजयनगर, अन्नपूर्णा रोड, राजेंद्रनगर, शहराच्या कुठल्याही बाजूला गेलात तरी फिजिओथेरपीच्या पाटीवर शॉर्टवेव्ह, अल्ट्रासाउंड, टेन्स (विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र) यांच्या शेजारी आता लेझर लिहिलेलं सापडतं. ही यंत्रं मुख्यतः मोठ्यांच्या कंबर, गुडघा आणि टाचदुखीसाठी घेतलेली असतात. त्यांच्यापुढे सात वर्षांची मुलगी सुजलेला गुडघा घेऊन बसली की प्रश्न बदलतात, आणि ते फारसे कोणी विचारत नाही. एकेका क्लिनिकचं नाव घेऊन चांगलं-वाईट म्हणण्यात अर्थ नाही, कारण एकाच ठिकाणी सकाळचा थेरपिस्ट मात्रा मोजून देतो आणि संध्याकाळचा नुसता प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा दांडा, फिरवतो. म्हणून परीक्षण सेवेचं आहे, पाटीचं नाही.

आजाराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय लेझरचा हिशेब लागत नाही. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, निदान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांध्यांचा दाह म्हणजे बालसंधिवात. डॉक्टरांच्या कागदावर ‘जेआयए’ (ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस) लिहिलेलं असतं. त्याचे सात प्रकार मानतात. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरले तर ऑलिगो, पाच किंवा जास्त धरले तर पॉली. रोजचा चढता ताप आणि पुरळ घेऊन येतो तो सिस्टेमिक. स्नायूंचे बंध हाडाला जिथे चिकटतात तिथे, म्हणजे टाचेत, गुडघ्याखाली, खुब्याजवळ दुखणारा एक प्रकार आहे. तो आपल्याकडे मोठ्या मुलग्यांत बराच दिसतो आणि त्यात रक्तातला एचएलए-बी२७ हा आनुवंशिक खुणेचा घटक तपासतात. लेझरचा प्रकाश पोचतो ती जागा फार लहान. एकाच गुडघ्याचा ऑलिगो असेल तर तो निदान त्या सांध्याच्या आवरणापर्यंत काही प्रमाणात जातो. सिस्टेमिक प्रकारात आजार रक्तात, यकृत-प्लीहेत, कधी हृदयाच्या आवरणातही असतो; तिथे गुडघ्यावर प्रोब धरून काही साधत नाही. आणि खुब्याचा सांधा इतका खोल आहे की त्यावर लेझरचे पैसे घेणाऱ्याला ‘किती खोल जातो?’ एवढंच विचारावं.

प्रकाश करतो काय? लाल आणि अवरक्त, साधारण ६०० ते ११०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात शोषला जातो. तिथल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकरावर त्याचा परिणाम होऊन पेशीचं ऊर्जाचक्र आणि दाहाचे काही रासायनिक निरोप बदलतात, असा सध्याचा समज आहे. बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांना १९६० च्या दशकात उंदरांवर रूबी लेझर वापरताना भादरलेले केस लवकर उगवताना दिसले, तिथून ही शाखा सुरू झाली. यातली एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: मात्रा कमी पडली तर परिणाम होत नाही, आणि जास्त झाली तर परिणाम उलट कमी होतो. त्यामुळे ‘थोडं जास्त मारून देतो’ ही मेहेरबानी नको.

पुरावा किती? प्रौढांच्या आमवातावर (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) कोक्रेन या उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या संस्थेचा २००५ चा आढावा आहे. त्यात प्लासिबोशी, म्हणजे लुटुपुटूच्या उपचाराशी, तुलना करणाऱ्या पाच चाचण्या, एकूण २२२ रुग्ण. वेदना दहापैकी १.१० गुणांनी कमी झाली आणि सकाळचा ताठरपणा २७.५ मिनिटांनी घटला. फायदा अल्पकाळाचा. हे आकडे प्रौढांचे आहेत आणि मुलांचा आजार म्हणजे मोठ्यांच्या आमवाताची लहान आवृत्ती नाही. मुलांवरच्या चाचण्या थोड्या आणि छोट्या आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या बालसंधिवातावरच्या २०२१ च्या शिफारशींमध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला जागा आहे. लेझरची शिफारस त्यांत नाही. दुखणं किंचित कमी होईल, सकाळ थोडी सुसह्य होईल, इतकीच आशा धरून आत जावं. सांध्याची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण) वाचवणं, वाढ सरळ ठेवणं, डोळे सांभाळणं ही कामं औषधांची आणि व्यायामाची आहेत.

यंत्रावरची पट्टी वाचा

यंत्राच्या मागे किंवा प्रोबवर पिवळी पट्टी असते. तिच्यावर तरंगलांबी, कमाल शक्ती आणि लेझरचा वर्ग लिहिलेला असतो. वर्ग ३बी म्हणजे ५०० मिलिवॉटपर्यंत, वर्ग ४ म्हणजे त्याच्या वर. मुलांसाठी आमची पसंती ३बीला, ८०८ ते ८३० नॅनोमीटरच्या आसपास. लाल, ६५० ते ६६० नॅनोमीटरचा प्रकाश कातडीतच बराचसा अडतो. बोटांच्या सांध्यांना तो चालेल, गुडघ्याला पुरत नाही.

मग हिशेब. ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले वेळ: एक वॉट एक सेकंद धरला की एक जूल. सांध्याच्या एका बिंदूला ४ जूल हा ८०० च्या आसपासच्या तरंगलांबीला वापरला जाणारा नेहमीचा आकडा. २०० मिलिवॉटच्या प्रोबला त्यासाठी २० सेकंद लागतात, १०० मिलिवॉटच्या प्रोबला ४०. गुडघ्याला सहा बिंदू धरले तर पहिल्या प्रोबने दोन मिनिटं, दुसऱ्याने चार. हा साधा गुणाकार थेरपिस्टला न अडखळता करता आला पाहिजे. ‘मशीन में सब सेट है’ हे उत्तर मिळालं तर समजा की मात्रा कोणालाच माहीत नाही.

९०४ किंवा ९०५ नॅनोमीटरच्या स्पंदित, म्हणजे प्रकाश सलग न देता ठोक्या-ठोक्याने देणाऱ्या, यंत्रात एक गोम असते. जाहिरातीत ‘२५ वॉट’ छापलेलं असतं, पण तो एका स्पंदाचा शिखराचा आकडा. स्पंद २०० नॅनोसेकंदांचा आणि सेकंदाला ५००० स्पंद असतील तर सरासरी शक्ती २५ मिलिवॉट भरते, म्हणजे हजारपटीने कमी. या तरंगलांबीला मात्राही कमी वापरतात, त्यामुळे ते यंत्र वाईट ठरत नाही. फक्त २५ वॉटच्या नावावर जास्त दर लावणं चुकीचं. तसंच सतत आणि स्पंदित अशी दोन बटणं असलेल्या यंत्रात स्पंदित, ५० टक्के निवडलं की वेळ दुप्पट करावा लागतो. हे बऱ्याचदा विसरलं जातं आणि मुलाला निम्मीच मात्रा मिळते.

वर्ग ४ ची, ‘हाय पॉवर’ म्हणून मिरवणारी यंत्रं आता पुष्कळ ठिकाणी आहेत. १० वॉट सतत मोडवर एक मिनिट म्हणजे ६०० जूल. १०० चौरस सेंटिमीटर जागेवर फिरवलं तर चौरस सेंटिमीटरला ६ जूल. पण पडद्यावरचा ‘नी पेन’ कार्यक्रम प्रौढ गुडघ्यासाठी बसवलेला असतो. पाच वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याची जागा निम्मी असेल तर तेवढ्याच वेळात दुप्पट मात्रा पडते. शिवाय या यंत्रांनी ऊब निर्माण होते, आणि सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असल्याने ती लवकर तापते. परदेशी माहितीपुस्तिकेतले आकडे आपल्या मुलांवर जसेच्या तसे लावणं म्हणूनच धोक्याचं. प्रोब सतत हलता हवा, तीळ आणि काळ्या डागांवर थांबता कामा नये. ‘गरम लागलं तर सांग’ हे मुलाला आधी समजावून सांगितलेलं असावं, आणि सांगता न येणाऱ्या लहान मुलावर वर्ग ४ वापरूच नये. आमच्या मते दहा वर्षांच्या आत तर त्याची गरजच नाही.

वाढीच्या पट्ट्यांचा मुद्दाही आहे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चाची पट्टी असते आणि हाड तिथून वाढतं. लेझरचा तिच्यावर काय परिणाम होतो याबाबत प्राण्यांवरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून सावधपणा इतकाच: प्रोब सांध्याच्या रेषेवर धरायचा, मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकावर घोळवत बसायचं नाही, आणि मात्रा खालच्या बाजूला ठेवायची. याच कारणाने पॅकेजमध्ये फुकट म्हणून जोडलेलं अल्ट्रासाउंड आणि शॉर्टवेव्ह नाकारावं. वाढत्या हाडाच्या टोकावर आणि दाह असलेल्या सांध्यावर खोल उष्णता देऊ नये, हा फिजिओथेरपीतला जुना नियम आहे. तरी ‘साथ में दे देंगे’ म्हणून तो मोडला जातो.

चांगली सिटिंग कशी दिसते

पहिल्या दिवशी लेझर लागण्याआधी मोजमाप झालं पाहिजे. कोनमापकाने गुडघा किती अंश सरळ होत नाही ते, गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर टेपने घेर, वाटीच्या वर ठरावीक अंतरावर मांडीचा घेर (मांडी बारीक झाली असेल तर स्नायू गेलाय), सकाळी ताठरपणा किती मिनिटं टिकतो ते, आणि चेहऱ्यांच्या चित्रांवरून मुलाने स्वतः दाखवलेली वेदना. हे आकडे फाइलमध्ये तारखेसह. मोजमाप न करता सुरू केलेल्या उपचाराचा फायदा झाला की नाही हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

त्यानंतर औषधांची यादी विचारली जायला हवी. मेथोट्रेक्सेट (संधिवात आटोक्यात ठेवणारं मुख्य औषध) आणि नॅप्रोक्सेन (वेदना-सूज कमी करणारं) दोन्ही कातडीला प्रकाशासाठी हळवी करू शकतात. नॅप्रोक्सेन घेणाऱ्या काही मुलांच्या, विशेषतः गोऱ्या मुलांच्या, चेहऱ्यावर उन्हाने फोड येऊन व्रण राहतात. तो मुख्यतः अतिनील किरणांचा खेळ, लेझरचा नव्हे. पण यादी आधी माहीत नसेल तर नवा फोड आला की दोष कोणाचा यावर नुसता वाद होतो. सांध्यात नुकतंच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर एक-दोन दिवस त्या सांध्याला आराम, आणि पुढचं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

कातडी साफ हवी. घरून तेल, हळद किंवा बाम लावून पाठवलेला गुडघा आधी ओल्या कापडाने पुसून कोरडा करावा. गुडघा थोडा दुमडून, खाली टॉवेलची गुंडाळी. वाटीच्या दोन्ही बाजूंना, सांध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या रेषेवर, वाटीच्या वरच्या पिशवीसारख्या फुगीर भागावर बिंदू घेतात. प्रोब कातडीला काटकोनात आणि हलका दाबून. तिरपा किंवा अधांतरी धरला तर बराच प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दाबल्याने वरचं रक्त थोडं बाजूला सरतं आणि प्रकाश जरा खोल जातो. मनगटाला हाताच्या पाठीकडून, पंजा किंचित खाली झुकवून. बोटांना दोन्ही बाजूंनी, कमी मात्रेत. घोट्याला पुढून आणि दोन्ही घोटेहाडांच्या पुढच्या खाचेतून. जबड्याच्या सांध्यावर, म्हणजे कानाच्या अगदी पुढे, लेझर धरणारे आहेत. डोळ्याच्या इतक्या जवळ आम्ही तरी मुलाला बसवणार नाही. त्या सांध्यात आजार असेल तर हनुवटीची वाढ खुंटते, त्यामुळे तिथे वेळ न घालवता संधिवाततज्ज्ञाकडे जावं.

चष्मे. यावर तडजोड नको. अवरक्त प्रकाश दिसत नाही म्हणून पापणी आपोआप मिटत नाही, आणि दृष्टिपटल भाजलेलं कळतही नाही. खोलीत जितकी माणसं तितके चष्मे: मूल, थेरपिस्ट, हात धरून बसलेली आई, आणि सोबत आलेलं भावंड असेल तर त्याला खोलीबाहेरच बसवावं. चष्म्याच्या कडेला तरंगलांबीचा पट्टा छापलेला असतो. ८०८ च्या यंत्रासाठी ६५० चा चष्मा उपयोगाचा नाही. मोठ्यांचा चष्मा लहान मुलाच्या नाकावर टिकत नाही, बाजूने फट राहते. इलॅस्टिकचा पट्टा असलेला लहान चष्मा क्लिनिकने ठेवलेला असावा. खोलीत आरसा, स्टीलचा चकचकीत ट्रे, दार उघडं, यांपैकी काहीही दिसलं तर गुण कापा. गॉगलऐवजी ‘आँख बंद कर लो बेटा’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावं.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त बिघाड श्रेयाच्या वाटपात होतो. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. डॉक्टर गोळी सुरू करतात, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक दिसत नाही, घरचे अस्वस्थ होतात, कोणीतरी लेझर सुचवतं. सिटिंग संपेपर्यंत आठवा-नववा आठवडा उजाडतो, गुडघ्याची सूज उतरते आणि नाव लेझरचं होतं. मग ‘आता गोळी कशाला, साइड इफेक्ट होतात’ म्हणून औषध बंद. दोन-तीन महिन्यांनी सूज परत, या वेळी दोन सांध्यांत. लेझरने मुलाचं सर्वांत मोठं नुकसान होतं ते असं, आणि त्यात प्रकाशाचा काही दोष नसतो. पॅकेज सुरू करायचंच असेल तर औषधात बदल झाल्यापासून निदान तीन महिने गेलेले असावेत, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं.

यंत्राचे बिघाड साधे असतात. डायोड, म्हणजे लेझर प्रकाश देणारे भाग, वर्षागणिक मंद होतात. पडदा २०० मिलिवॉट दाखवतो, टोकातून त्याहून कमी निघतं. वर्षातून एकदा पॉवर मीटरने तपासणी केल्याचा कागद मागावा. प्रोबच्या काचेवर जेल आणि तेलाचा थर बसतो, तो स्पिरिटने पुसलेला असावा. दोन मुलांच्या मध्येही पुसायलाच हवा, कारण यांतली बरीच मुलं प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असतात. सिटिंगनंतर रात्री दुखणं वाढलं तर पुढच्या वेळी मात्रा निम्मी करून बघतात. तरी वाढलं, किंवा सूज आणि गरमपणा चढला, तर तो आजाराचा उद्रेक समजून लेझर थांबवावं.

काही परिस्थितींत लेझरच्या खोलीचं दारही उघडू नये. एकच सांधा अचानक लाल, गरम, मूल त्याला हात लावू देत नाही आणि ताप आहे: हा सांध्यातला पू असू शकतो, तासांचा प्रश्न आहे, थेट एमवाय (महाराजा यशवंतराव रुग्णालय) किंवा चाचा नेहरू बाल चिकित्सालयासारख्या ठिकाणी इमर्जन्सीत. एकाच सांध्याची महिनोन्महिने सूज, सोबत वजन घटणं, घरात क्षयाचा रुग्ण: आधी सांध्याचा क्षय नाही ना ते बघा. रात्री झोपेतून उठवणारं, सूज कमी आणि वेदना फार असं हाडांचं दुखणं, फिकटपणा, रक्तात प्लेटलेट कमी: रक्ताचा कर्करोग नाकारल्याशिवाय संधिवाताचं लेबलसुद्धा लावत नाहीत. सिस्टेमिक प्रकारच्या मुलाचा ताप अखंड राहू लागला आणि पेशींचे आकडे खाली घसरू लागले तर ती जिवावरची गुंतागुंत असू शकते. थेरपिस्टने हे चार प्रश्न पहिल्या भेटीत विचारले तर तो माणूस जाणकार समजा, त्याच्याकडे लेझर असो वा नसो.

डोळ्यांचंही इथेच सांगतो. ऑलिगो प्रकारात, विशेषतः एएनए ही रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलींत, डोळ्याच्या आत दाह होतो आणि तो दुखत नाही, लाल दिसत नाही. जास्त धोक्याच्या मुलांची स्लिट लॅम्प (डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणारं यंत्र) तपासणी दर तीन महिन्यांनी लागते. गुडघा लेझरने, गोळीने किंवा कशानेही बरा दिसू लागला तरी ही तपासणी चुकवायची नाही. डोळ्याचा दाह गुडघ्याशी सल्लामसलत करून येत नाही.

त्याच खोलीतला पाच गुणांचा भाग

लेझरची खरी किंमत त्यानंतरच्या अर्ध्या तासात वसूल होते. दुखणं जरा उतरलेलं असतं, तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. गुडघा दुमडलेलाच राहिला की मागचे स्नायू आखडतात आणि महिन्याभरात पाय सरळ होईनासा होतो. म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूचा ताण: पाठीवर झोपवून, गुडघा हळू सरळ करत, झटका न देता, ३० सेकंद धरून, तीन ते पाच वेळा. मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच सेकंद धरायचा, दहा वेळा. रोज पोटावर १५-२० मिनिटं झोपून टीव्ही बघू द्यावा. खुबा आणि गुडघा दोन्ही सरळ राहतात, आणि मूल कुरकुरही करत नाही. रात्री गुडघ्याखाली उशी अजिबात नको. आजी प्रेमाने ठेवते, मुलाला बरंही वाटतं, आणि गुडघा वाकलेलाच बसतो. सिटिंगमधली टॉवेलची गुंडाळी सिटिंगपुरती.

आजारी गुडघ्याकडे रक्तपुरवठा वाढल्याने लहान मुलांत तो पाय कधी कधी जास्त लांब वाढतो. दोन्ही पायांची लांबी टेपने मोजून फरक असेल तर उंचवटा चांगल्या, आखूड पायाच्या चपलेत द्यावा लागतो. आजारी पायाला दिला तर वाकणं वाढतं. सकाळच्या ताठरपणावर अंथरुणातच हलक्या हालचाली आणि मग कोमट पाण्याची अंघोळ. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी शाळेची बस सव्वासातला असेल तर मूल पाऊणतास आधी उठवावं लागतं, हे वेळापत्रकात धरा. नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेन उपाशीपोटी नको, पोहे खाऊन झाल्यावर. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार ठरवून कॅलेंडरवर गोल करा. रोज घेतलं तर ते विष ठरतं, आणि ही चूक शिकलेल्या घरांतही होते.

जे क्लिनिक लेझरची पाच मिनिटं आणि व्यायामाची पंचवीस मिनिटं देतं, घरच्या व्यायामाचा कागद चित्रांसह देतं, त्याला लेझरचे दोन गुण विसरून एकूण चार द्यायला हरकत नाही. जिथे प्रोब ठेवून थेरपिस्ट पुढच्या खाटेकडे जातो आणि घंटी वाजली की ‘कल आना’, तिथे गुडघ्यावर दिवा लावून बसण्यापलीकडे काही झालेलं नसतं.

पैसे

सिटिंगचा दर ठिकाणागणिक वेगळा. हिशेबासाठी ५०० रुपये धरा. आठवड्यातून तीन, चार आठवडे, म्हणजे १२ सिटिंग आणि ६,००० रुपये, वर रिक्षा आणि बुडालेली शाळा. मेथोट्रेक्सेटच्या महिन्याच्या गोळ्या सहसा एका सिटिंगच्या पैशात येतात. गोळीने भागलं नाही तर पुढचं औषध बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं. त्यातल्या अडालिमुमॅबची देशी आवृत्ती झायडसने २०१४ मध्ये बाजारात आणल्यापासून पर्याय वाढले, तरी खर्च मोठाच. घरखर्चात औषध आणि लेझर दोन्ही बसत नसतील तर पैसे औषध, रक्ततपासण्या आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी ठेवावेत, लेझर सोडून द्यावं. मनाला टोचणी नको, मुलाचं काही हुकलेलं नाही.

घ्यायचंच तर सहा सिटिंग घ्या, पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. सहा झाल्यावर पहिल्या दिवसाचे आकडे पुन्हा मोजायला सांगा. सकाळचा ताठरपणा आणि चेहऱ्यांवरची वेदना दोन्ही जागच्या जागी असतील तर थांबा. ‘असर बीस सिटिंग के बाद दिखता है’ म्हणणाऱ्याला त्याचा आधार विचारा. यांपैकी काही कमी झालं असेल तर आणखी सहा, आणि तिथे पूर्णविराम. बिलावर यंत्राचं नाव, तरंगलांबी, बिंदूला किती जूल आणि किती बिंदू हे लिहून मागा. दुसऱ्या गावी बदली झाली किंवा थेरपिस्ट बदलला तर तोच कागद उपयोगी पडतो.

घरी मागवायची यंत्रं

ऑनलाइन मिळणारे लाल दिव्याचे पट्टे, मनगटी घड्याळासारखी लेझर यंत्रं, पेनसारखे प्रोब यांना वेगळा गुण द्यायचा तर एक. ५ मिलिवॉटच्या लाल पेनने ४ जूल द्यायला ८०० सेकंद लागतात, म्हणजे एका बिंदूला सव्वातेरा मिनिटांहून जास्त. सहा बिंदूंना ऐंशी मिनिटं. पाचवीतलं मूल तेवढा वेळ हलल्याशिवाय बसेल असं ज्याला वाटतं त्याने मुलं पाहिलेली नाहीत. एलईडीच्या पट्ट्यात ६६० आणि ८५० नॅनोमीटरचे दिवे असतात. ते लेझर नसतात, पण म्हणून निरुपयोगी ठरत नाहीत. अडचण ही की खोक्यावर एकूण वॉट छापतात, चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॉट कातडीपर्यंत पोचतात ते छापत नाहीत, आणि त्याशिवाय वेळ ठरवता येत नाही. काही पट्टे नुसते गरम होतात. गरमपणा बरा वाटतो, पण त्यासाठी रबराची गरम पाण्याची पिशवी स्वस्त पडते. दाह जोरात असलेल्या, आधीच गरम असलेल्या सांध्यावर मात्र तीही नको, तिथे कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

वर्ग ३बीचं यंत्र घरी आणणं तर सरळ नको. ऑनलाइन ती मिळतात, सोबत एकच चष्मा येतो, आणि घरात लहान भाऊ असतो. मागवून झालंच असेल तर परत करायची मुदत बघा, आणि तोपर्यंत ते उंच कपाटात, बॅटरी किंवा किल्ली काढून ठेवा.